चालू आहे का?

आमच्या नगरात दिल्लीगेट आहे. त्यातून बाहेर पडलं की दिल्ली येत नाही, रिक्षावाले येतात. चौपाटी कारंजा आहे, समुद्राचा पत्ता नाही. लाल टाकीला अप्पू हत्ती चौक आहे, अप्पू हे नाव १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडनं घराघरात नेलं, दिल्लीनं ते केव्हाच सोडून दिलं, आम्ही अजून रिक्षावाल्याला सांगतो, "अप्पू हत्तीला सोडा." सक्कर चौक आहे, तिथं साखर स्वस्त नाही. आणि खुद्द गावाचं नाव बदलून अहिल्यानगर झालं तरी एसटीचा कंडक्टर "नगर, नगर, नगर" असंच ओरडतो. त्यामुळे एक 'इंजिन चौक' असावा आणि त्याच्या आसपास रेल्वे नसावी, या सूचनेत नगरकराला खटकण्यासारखं काही नव्हतं.

सूचना मांडली आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर बसणाऱ्या भाऊंनी. भाऊ म्हणजे भावी. गेली अठरा वर्षं भावी. दर वाढदिवसाला फ्लेक्सवरचा फोटो मोठा होतो आणि 'भावी' हा शब्द बारीक होतो. चौकाचं सुशोभीकरण करायचं एवढं ठरलं होतं. चौकात ठेवायचं काय, यावर गाडी अडली होती. पुतळा म्हटलं की परवानग्या आल्या, शिवाय कुणाचा, यावर दोन गट आणि चार मोर्चे. कारंजं म्हटलं तर पाणी. घड्याळ म्हटलं तर ते वेळेवर चालवावं लागतं.

"इंजिन ठेवू," भाऊ म्हणाले. "जुनं. वाफेचं. त्याला जात नाही, पाणी लागत नाही, आणि बंद असलं तरी कुणी तक्रार करत नाही."

टपरीवर आमचे गार्डसाहेब होते. रेल्वेतून निवृत्त. अजूनही कुठं निघताना आधी मागं वळून पाहतात. ते कप खाली ठेवून म्हणाले, "वाफेच्या इंजिनाला पाणी लागत नाही म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. अहो भाऊ, ते कोळशापेक्षा पाणीच जास्त प्यायचं. स्टेशनाबाहेर ते हत्तीच्या सोंडेसारखे नळ कशाला होते मग?"

"चौकात उभं केल्यावर नाही ना लागणार?"

"नाही. मेल्यावर तहान लागत नाही."

विषय तिथं संपायला हवा होता, पण आमच्याकडे विषय संपत नाहीत, समित्या होतात. लिहिणारा माणूस म्हणून माझ्यावर 'अभ्यास' आला. कुठं कुठं अशी इंजिनं उभी आहेत, लोक बघायला येतात का, सेल्फी काढतात का, वगैरे. प्रवासखर्च ज्याचा त्यानं करायचा होता, हे वेगळं सांगायला नको.

अभ्यासाची सुरुवात घरापासून केली. सोलापूर रस्त्याला फराहबागेजवळ आमचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासून. पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथं रांगेत उभ्या आहेत. ब्रिटिश आहेत, जपानी आहेत, जर्मन आहेत, १९६५ च्या लढाईत आपल्या हाती लागलेला पाकिस्तानी पॅटनसुद्धा आहे. जगातल्या कुठल्याही लढाईत नगरकर पोहोचला नसेल, पण लढाई निवृत्त होऊन नगरला येते. सोबत पुण्याचा भाचा होता, वय वर्षं सात. त्यानं पॅटनभोवती एक फेरी मारली, साखळपट्ट्यावर हात फिरवला, तोफेच्या नळीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "मामा, चालू आहे का?"

मी म्हणालो, "नाही रे, आता बंद आहे."

"मग ठेवलाय कशाला?"

मोठ्या माणसांसाठी, असं सांगणार होतो. पण तिथल्या पहारेकऱ्यासमोर देशाची लाज नको म्हणून गप्प बसलो. हे पोर चार दिवस माझ्याकडे होतं आणि या चार दिवसांत त्यानं नगरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल हाच प्रश्न विचारला. सिग्नलबद्दल. लिफ्टबद्दल. बागेतल्या कारंज्याबद्दल. समोर 'काम चालू, रस्ता बंद' अशी पाटी आली तेव्हा मात्र तो गोंधळला. काम चालू असेल तर माणसं कुठायत, हे त्याला कळेना. आपल्या भाषेनं 'चालू' या शब्दात किती माल भरून ठेवलाय, हे पुण्याच्या शाळेत अजून शिकवलेलं नाही. भाऊसुद्धा चालूच आहेत.

आता एक जुनं दुखणं सांगतो. नगरनं एकदा खरोखरच चौकात ठेवण्यालायक वस्तू बनवली होती. १५४९ साली, निजामशाहीत, रूमीखान नावाच्या कारागिरानं इथं एक तोफ ओतली. मलिक-ए-मैदान, मुलुखमैदान. वजन पंचावन्न टनांच्या घरात. तोंडाला सिंहाचा जबडा. तालिकोटच्या लढाईत ती होती, पुढं परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि सतराव्या शतकात तिथून विजापूरला. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे, पर्यटक तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात आणि ती नगरची आहे हे विजापूरला सांगावं लागतं, नगरलाही सांगावं लागतं. १८५४ साली ब्रिटिशांनी निकामी तोफा विकून टाका असा हुकूम काढला, तेव्हा हिच्यावर सगळ्यात मोठी बोली लागली दीडशे रुपयांची. एवढ्या कमी पैशात कशाला द्यायची म्हणून ती राहिली. वारसा वाचवायला आपल्याकडे इतिहासप्रेम लागतंच असं नाही. भंगारवाला कंजूष असला तरी पुरतं.

तर ओतायचं आम्ही, मिरवायचं दुसऱ्यानं. इंजिनाच्या बाबतीत तर आम्ही ओतलंही नव्हतं. म्हणून मुंबई.

नगरहून मुंबईला इंजिन बघायला निघालेला माणूस कशानं जातो? एसटीनं. रेल्वेनं जायचं तर एकतर खाली दौंडला जाऊन पुण्यावरून वळसा, नाहीतर वर मनमाडला जाऊन नाशिकवरून वळसा. नकाशात आमचं गाव दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा आळेफाटा, माळशेज, कल्याण. लालपरीत बसलो, भाचा खिडकीत. घाटात ढग होते. पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, "पोराला काय दाखवायला नेताय मुंबईत? समुद्र?" म्हणालो, इंजिन. तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाशी एक छोटं इंजिन उभं आहे. नाव 'लिटल रेड हॉर्स'. तांबडा घोडा. १९२८ सालचं, इंग्लंडात जन्मलेलं, गुजरातच्या छोट्या रुळांवर साठेक वर्षं राबलेलं आणि नव्वदच्या सुमाराला इथं येऊन थांबलेलं. रंग ताजा, पितळ चकचकीत, अंगावर कोळशाचा कण नाही. हयातभर कोळशात लोळलेल्या माणसाला मेल्यावर पांढरे कपडे घालतात, तसं.

समोरून माणसांचा लोंढा चाललेला. दर दोन-तीन मिनिटांनी एक लोकल रिकामी होते आणि तेवढी माणसं त्या घोड्यासमोरून जातात. आम्ही अर्धा तास उभे होतो. या वेळात त्याच्याकडे पाहिलं तिघांनी: एक परदेशी बाई, एक कबुतर आणि आम्ही दोघं मिळून एक. बाकीच्या कुणाचंही काही चुकत नव्हतं. ज्याला सात एकोणचाळीसची मिळाली नाही तर सात बेचाळीसची मिळते, तो माणूस १९२८ च्या गाडीकडे का पाहील? इंजिनाकडे बघायला वेळ आणि रेल्वेची उपासमार, दोन्ही लागतात. आमच्याकडे दोन्ही मुबलक.

भाच्यानं तोंड उघडलं, "मामा, चालू आहे का?"

शेजारून जाणारा एक गृहस्थ न थांबता म्हणाला, "चालू आहे, पण पंधरा मिनिटं लेट."

बिचाऱ्याला वाटलं, लोकलचं विचारतोय.

परत आल्यावर गार्डसाहेबांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "रंग चांगला दिलाय." मग म्हणाले, "थंड इंजिन बघवत नाही हो." आणि मग त्या संध्याकाळी, चहाचे तीन कप होईपर्यंत, त्यांनी मला वाफेबद्दल जे सांगितलं ते कुठल्याही पाटीवर नसतं. थंड पडलेलं इंजिन सकाळी किल्ली फिरवून सुरू होत नाही. आधी चिंध्या, लाकडं, मग कोळसा. बॉयलरमधलं पाणी तापून दाब चढेपर्यंत कित्येक तास. म्हणून गाडी पहाटेची असली तर कुणीतरी रात्रीच जागा असायचा. फायरमननं फावड्यानं कोळसा नुसता फेकायचा नाही, पसरायचा; एका कोपऱ्यात ढीग झाला की वाफ पडली आणि ड्रायव्हरच्या शिव्या पडल्या. धुराच्या रंगावरून कळायचं आत कोण आहे, शिकलेला की नवखा. चढ आला की इंजिनाचा श्वास बदलायचा, मागं ब्रेकच्या डब्यात बसलेल्या गार्डाला तो ऐकू यायचा. "आणि उभं असतानासुद्धा ते गप्प नसायचं," साहेब म्हणाले. "फुसफुस, टपटप, कुठं गळतंय, कुठं उसासतंय. म्हशीजवळ उभं राहिल्यासारखं. त्याला बंद म्हणायचं नाही. ते उभं असायचं."

डोळ्यात गेलेल्या कोळशाच्या कणाबद्दलही ते प्रेमानं बोलले. तेवढं मात्र मी मनावर घेतलं नाही. माणूस निवृत्त झाला की डोळ्यातला कणसुद्धा वारसा होतो.

देशातलं मोठ्या रुळांवरचं शेवटचं वाफेचं इंजिन चित्तरंजनला १९७० साली बनलं. नाव ठेवलं 'अंतिम सितारा'. बघा, नाव ठेवतानाच सांगून टाकलं की आता बास. पुढं पंचवीसेक वर्षं उरलेली इंजिनं ओढत राहिली आणि मग भट्टीत गेली. विदर्भात 'शकुंतला' नावाच्या गाडीचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं. ते १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं. त्यानंतर त्याला कुणी चौथऱ्यावर चढवलं तर त्यात गैर काय? पेन्शन आहे ती.

इथं माझ्या अभ्यासाला फाटा फुटला, आणि भाऊंना तो आवडला नाही.

मी समितीला म्हणालो की, चौथऱ्यावरचं इंजिन ही शेवटची वस्तू असते. आधी रूळ, मग गाडी, मग साठ-सत्तर वर्षं माणसं-माल, मग भंगार आणि फारच नशीब असेल तर चौथरा. आमच्या जिल्ह्यात चौथरा आधी येतो. त्याला कोनशिला म्हणतात. कोनशिलेवर नावं असतात, तारीख असते, मान्यवर असतात. नसते ती फक्त गाडी. चर्चगेटच्या घोड्याला थांबायचा मान मिळाला कारण तो आधी धावला. आमच्याकडे न धावताच सन्मान होतो.

आधी गाडी धावल्याची उदाहरणं हवीत? घ्या. शेजारच्या बार्शीचंच घेऊ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९५ साली लंडनात कंपनी काढली, अडीच फुटी रुळांची. १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गावापर्यंत एकवीस मैल गाडी धावली. दोन वर्षं. त्याची युक्ती साधी होती: इंजिन काय, डबा काय, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात. पुढं ती गाडी पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ साली मिरजेला पोहोचली. कितीतरी वारकरी तिच्यातून विठोबाला भेटून आले. (हाच कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागं लागला. बार्शी लाईट रेल्वे चालवल्यावर माणसाला सुरक्षित खाली कसं यायचं, याचा विचार सुचणं साहजिक आहे.) माथेरानची चढण आठवा. पीरभॉय बापलेकांनी स्वतःचे पैसे घातले, १९०४ ला काम सुरू, १९०७ ला गाडी वर.

आणि आमचा स्वतःचा रूळ? दौंड ते मनमाड. १८७८. तोही दुष्काळात, १८७६-७७ च्या त्या भयंकर दुष्काळात, पोटासाठी माती उपसणाऱ्या माणसांच्या हातून. उपाशी माणसांनी टाकलेल्या मातीवरून आज आम्ही एक्स्प्रेसनं जातो आणि चहा गार मिळाला म्हणून तक्रार करतो. तो रूळ आला तेव्हा कोनशिला किती बसवल्या होत्या, मला माहीत नाही. गाडी आली, एवढं नक्की.

आता नगर–बीड–परळी. लांबी २६१ किलोमीटर. मंजुरी १९९५ च्या सुमाराची. तेव्हा खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या घरात होता, तो वाढत वाढत चार हजार आठशे कोटींवर गेला. रूळ वाढत नव्हता तेव्हाही अंदाज वाढत होता, म्हणजे काहीतरी चालू होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत गाडी आली. बीडला पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मुहूर्त मात्र चुकला नाही. नगर ते बीड सुमारे १६६ किलोमीटर आणि तीस वर्षं. भाच्याकडून भागाकार करून घेतला. दिवसाला पंधरा मीटर. गोगलगाय सकाळी चहा घेऊन निघाली तर जेवायच्या वेळेपर्यंत तेवढं करते, आणि तिला भूसंपादन लागत नाही.

मधल्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्या आष्टीच्या गाडीचे पाच डबे नारायणडोहजवळ पेटले. सुदैवानं कुणालाही इजा झाली नाही, म्हणून एवढं लिहायची हिंमत करतो: आपल्या आज्यानं 'आगगाडी' हा शब्द घडवला तेव्हा आग इंजिनात अपेक्षित होती.

संगमनेरकरांचं दुःख आणखी वेगळ्या जातीचं. त्यांनी पुणे–नाशिक रेल्वेचे नकाशे इतक्यांदा पाहिलेत की तालुक्यातला शेतकरी आता जमिनीचा भाव सांगताना विचारतो, जुन्या नकाशाप्रमाणे की नव्या? रूळ कधी उजवीकडून जातो, कधी डावीकडून, कधी नारायणगावजवळच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला त्रास नको म्हणून आणखी कुठून. त्या दुर्बिणीला दूरच्या आकाशगंगांचा आवाज ऐकू येतो. संगमनेरची शिट्टी तिलाही अजून ऐकू आलेली नाही. संगमनेर, अकोले, शेवगाव, पाथर्डी, जामखेड: या तालुक्यांत इंजिन चौक काढायचा तर तिथल्या पोरांना ते पहिलंच इंजिन असेल. मुंबईतल्या मुलाला संग्रहालयात भूतकाळ दिसतो. पाथर्डीच्या मुलाला भविष्य दिसेल. भावी.

"हे सगळं तुम्ही आमच्यावर का काढताय?" भाऊ म्हणाले. "आम्ही फक्त इंजिन मागितलंय."

त्यांचंही खरं होतं. मग गार्डसाहेबांनी विषय दुसऱ्या रुळावर घातला. म्हणाले, "वाफच दाखवायची असेल तर चौक कशाला? कारखान्यावर जा." आणि हे मात्र कुठल्याच अभ्यासात मला सुचलं नव्हतं. नगर जिल्ह्यातली वाफ संपलेलीच नाही, ती सहकारात गेली. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना हाताशी धरून १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा केला, तेव्हापासून दर दिवाळीच्या आगेमागे जिल्हाभर 'बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ' होतात. संचालक सपत्नीक पूजा करतात, भटजी मंत्र म्हणतात, बॉयलरच्या तोंडाशी अग्नी देतात आणि व्यासपीठावर भाषणाला सुरुवात होते. बॉयलरला दाब चढायला लागतो तेवढाच वेळ भाषणांनाही लागतो, हा योगायोग नसावा. गव्हाणीत मोळी पडली की तिथली वाफ खरी राबते. धुरांड्यातून धूर निघाला की पाच कोसांवरच्या माणसाला कळतं, हंगाम चालू.

आणि गाडी म्हणाल तर आमच्या उसाची गाडी बघाच एकदा. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यांवर छप्पर उडेल एवढा ऊस, मागचा दिवा नाही, पुढं मात्र चार स्पीकर. डबे आहेत, शिट्टी आहे, धूर आहे. रूळ तेवढा नाही. तो नगर–मनमाड रस्त्यावर खड्ड्यांतून आपोआप पडतो. चाकोरी म्हणतात त्याला.

बैठक लांबली तशी एक सूचना मीही केली. म्हटलं, इंजिन दुसऱ्याचं आहे, आपलं काहीतरी ठेवू या. १ जून १९४८ ला महाराष्ट्रातली पहिली एसटी आपल्या नगरहून पुण्याला निघाली. किसन राऊत ड्रायव्हर, लक्ष्मण केवटे कंडक्टर. सगळ्या राज्याला गावोगाव फिरवणाऱ्या गाडीचा पहिला धक्का आमच्या मातीतला. जिथं रेल्वे नाही तिथं ती गेली, म्हणजे आमच्या जिल्ह्यात जवळजवळ सगळीकडे. ठेवा चौकात त्या काळातली एक एसटी. चौक नगरचा, गाडी नगरची, विजापूरला कुणी नेणार नाही.

सगळे गप्प झाले. सूचना चांगली असली की आमच्याकडे अशीच शांतता पसरते. शेवटी एक जण म्हणाला, "पण त्या वयाची गाडी चौकात ठेवली तर पुण्याच्या फेरीला काय सोडायचं?"

मला गेल्या महिन्याचा माळशेज आठवला. आमच्या बसच्या खिडकीची काच प्रवाशानं वर्तमानपत्र घालून घट्ट बसवली होती. भाच्यानं चढतानाच विचारलं होतं, "मामा, चालू आहे का?" आणि ती चालू होती. घाट चढली, उतरली, कल्याणला पोहोचली. जी वस्तू चालू आहे तिला चौथरा मिळत नाही. सूचना मागं घेतली.

ठराव असा झाला. खरं इंजिन मिळवायचं तर रेल्वेकडे अर्ज, मग वाहतूक, मग क्रेन, मग चौथऱ्याचा पाया. त्यापेक्षा फायबरचं करावं. आतून लाल दिवे, गणपतीत धुराचं मशीन, बटण दाबलं की शिट्टी. शेजारच्या इमारतीतल्या डॉक्टरांनी शिट्टीला लेखी हरकत घेतली, म्हणून शिट्टी फक्त जयंत्यांना. पाटीवर मजकूर माझा, नावं त्यांची. अहिल्यानगर लिहायचं की नगर, यावर अर्धा तास गेला. स्टेशनवरची पाटी २०२५ मध्ये बदललीच आहे, तीच धरू असं ठरलं. नाव बदलायला रूळ लागत नाहीत, त्यामुळे ते काम वेळेत होतं.

राहता राहिला रूळ. फायबरचं असलं तरी इंजिन हवेत कसं उभं करणार? गार्डसाहेबांनी सांगितलं, निदान वीस फूट तरी टाका, खाली खडी, दोन्ही टोकांना अडसर. कंत्राटदार वहीत लिहून घेत होता. त्यानं पेन्सिल कानावर ठेवली, चौकाकडे पाहिलं, मधल्या टपऱ्या पाहिल्या, विजेचा खांब पाहिला.

"वीस फूट एकदम?" तो म्हणाला. "पहिल्या टप्प्यात बारा करू."